क्रोमवरची चिंच

ताडपत्रीची गाठ सहज सुटली नाही. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने नायलॉनच्या दोरीला एक हट्टी कडकपणा आणला होता, आणि माझ्या बोटांना अशा गाठींची सवय उरलेली नव्हती. शेवटी दातांनी ती सैल केली. जिभेवर खारट चव आली. त्या चवीसरशी माझ्या वयाची वीसेक वर्षं गळून पडली आणि मी पुन्हा त्याच भिंतीशी, त्याच गाडीपुढे, ओल्या फरशीवर मांडी घालून बसलेली मुलगी झाले.

मीरा रोडच्या पूनम सागरमधली आमची इमारत आता पाडायची आहे. जिन्यातल्या नावांच्या पाट्या निघाल्या आहेत. स्क्रूची रिकामी भोकं तेवढी दारांशेजारी उरली आहेत. जे सामान कोणी नेणार नाही त्यावर बिल्डरच्या माणसांनी खडूने फुल्या मारल्या आहेत. तुटकी कपाटं, गंजलेले कूलर, एक पाळणा. रविवार उलटला की फुलीचं सगळं भंगारात जाणार, अशी सूचना जिन्याच्या तोंडाशी लावलेली आहे. ताडपत्री ओढली तेव्हा तशीच एक फुली आत्याच्या मोटरसायकलच्या टाकीवर दिसली. कोणीतरी ताडपत्री वर करून, फुली मारून, पुन्हा सभ्यपणे झाकून ठेवली होती.

आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. "पूस ती आधी," ती म्हणाली.

मी पुसली नाही. या गाडीला हात लावण्याची एक रीत आहे आणि ती माझ्या अंगात मुरलेली आहे. आधी चाकं, मग मडगार्डं, मग सायलेन्सर, मग हँडल आणि हेडलाइटची कडा. टाकी सर्वांत शेवटी. फुलीने आपला नंबर येईपर्यंत थांबावं.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात नोकरीला होती. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा टेम्पोतून घरचं सामान आलं, आणि टेम्पोच्या मागून, हेल्मेटखाली अंबाडा दाबून बसवलेली आत्या आपल्या गाडीवरून आली. काळी, जड, जुन्या घडणीची मोटरसायकल. हँडलपासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत जिथे शक्य तिथे क्रोम, आणि टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोमचे दोन आरसे. ती तिने ऐन तारुण्यात, स्वतःच्या पगारातून, कोणालाही न विचारता घेतली होती. गिरगावात तिला फटफटीवाली म्हणत. मीरा रोडच्या नव्या इमारतीत लोक नावं ठेवण्यापूर्वी काही दिवस थांबले, एवढाच काय तो फरक.

इमारतीमागे तेव्हा मिठागरं होती. गच्चीवरून त्यांचे चौकोनी वाफे दिसत. थंडीत त्यांत आभाळ साचलेलं असे आणि उन्हाळ्यात पांढरे ढीग. दुपार कलली की तिकडून वारा सुटे. त्या वाऱ्याला लोखंडाची भूक होती. खिडक्यांचे गज, दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनच्या सुया, आईच्या पदराच्या पिना, काही म्हणजे काही त्याने सोडलं नाही. शेजारपाजारचे लोक त्याला शरण गेले होते. गंज आला की वरून रंग देऊन मोकळे होत. आत्या शरण गेली नाही. दर रविवारी सकाळी ती बादली घेऊन खाली उतरे, आणि तिच्यामागून, कोणी न सांगता, मी.

मी तेव्हा कॉलेजात जात होते. रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायलासुद्धा मला घसा साफ करावा लागे, आणि बहुधा आवाज फुटेपर्यंत माझी गल्ली मागे पडलेली असे. आत्याला माझ्याकडून बोलणं नको होतं. तिला हात हवे होते.

आधी गोड्या पाण्याने गाडी दोनदा न्हायची. अंगावरचं मीठ उतरवल्याशिवाय फडकं लावायचं नाही, कारण मीठच मग फडक्यातून ओरखडे काढतं. त्यानंतर फॉइल. आमच्या डब्यांतल्या पोळ्यांभोवतीची फॉइल आत्या आठवडाभर धुऊन साठवत असे. तिचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमवर गोल गोल फिरवला की तपकिरी पाणी ओघळू लागे, आणि मुठीत फार वेळ धरलेल्या नाण्याला येतो तसा वास येई. मग पॉलिश: राखाडी, दुधासारखं, नाकात झिणझिण्या आणणारं. ते वाळून पांढुरकं झालं की कोरड्या सुती कापडाने काढायचं. कापड काळं होई, बोटं काळी होत, नखांच्या कडांना काळी रेघ बसे. चाकांच्या तारा घासायचं काम दोघींचं. बाबांच्या जुन्या बनियनची पट्टी तारेभोवती गुंडाळायची आणि दोन टोकं आळीपाळीने ओढायची, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. ती चाकाच्या त्या अंगाला, मी या अंगाला. मध्ये फिरणाऱ्या तारा, आणि तारांमधून तुकड्या-तुकड्यांनी दिसणारा तिचा चेहरा. शेवटी सगळ्या क्रोमवर मेणाचा पातळ हात.

तळमजल्यावरच्या जयाबेन दळण घेऊन जाताना थांबत, सायलेन्सरमध्ये वाकून पाहत आणि टिकली सरळ करीत. "अरे बेन, मेरे घर के आईने से अच्छा दिखता है इस में तो!"

"तो रोज आव ने," आत्या म्हणे. तिचं गुजराती तिच्या गाडीसारखंच होतं. आवाज फार आणि थांबायची तयारी नाही.

घासूनपुसून झालं की आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेला मासळी आणायला जात असू. तिथली एक म्हातारी कोळीण गाडीचा आवाज ओळखून हातातली सुरी थांबवी. "आली गो माजी फटफटीवाली! येवरी चकचक करतंस गाडी, माजा पापलेट लाजतंय बघ." मग माझ्याकडे बघून, "ही पोर बोलत न्हाय काय?"

"बोलेल," आत्या म्हणे. "पॉलिश सुकतंय अजून."

आता सावंतकाकांबद्दल. सावंतकाका सोसायटीचे सेक्रेटरी, माणूस वाईट नव्हता. पण नियमाच्या आड उभं राहून बोलायची त्यांना सवय होती. एका रविवारी ते आले आणि खाकरले.

"ताई, एक विनंती होती."

"विनंती उभ्याने करतात का, सावंत? बसा, बादली उपडी करून देते."

"नाही, ते... कमिटीचं म्हणणं असं की छपराखालची जागा चारचाकीवाल्यांना द्यायची. तुमची गाडी तेवढी मागच्या भिंतीकडे घ्या. तशीही आता जुनी झालीय."

आत्याने फडकं थांबवलं नाही. "सावंत, आपण दोघं एकाच वयाचे. तुम्हाला कोणी भिंतीकडे घेतलं का अजून?"

तिथेच थांबलेल्या जयाबेन मोठ्याने हसल्या. सावंतकाकांचे कान लाल झाले. पण गाडी त्या आठवड्यात भिंतीकडे गेलीच, कारण बाबांना भांडण नको होतं. ती भिंत म्हणजे खाडीच्या वाऱ्याचं तोंड. तिथे उघड्यावर ठेवलेल्या सायकलींचे सांगाडे आत्याने पाहिलेले होते. तिने एक जाड ताडपत्री आणली, आणि रविवारच्या जोडीला बुधवारही धरला.

मग पावसाळ्यात ओल्या जिन्यावर पाय घसरून तिच्या उजव्या घोट्याला प्लास्टर पडलं. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. मी एकटी जाऊन घाशी, पण मी चाकाच्या एकाच अंगाला बसू शके, आणि ती चालवण्याचा तर प्रश्नच नव्हता. नवरात्राच्या सुरुवातीला बाबा जेवताना, ताटाकडे पाहत म्हणाले, "कमिटीने ठरवलंय. दसऱ्याला कंपाउंडमध्ये सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा. त्या दिवशी जी गाडी चालू होणार नाही ती भंगारात द्यायची."

"होईल चालू," आत्या म्हणाली.

"अगं, तुला नीट उभं राहता येत नाही!"

"गाडीला येतं ना."

आईने तिच्या पानात आमटी वाढली आणि ती आत गेली. आई आणि आत्या यांच्यात कधी वाजलं नव्हतं. वाजायला जवळ यावं लागतं. त्या दोघी एकमेकींना "तुम्ही" म्हणत आणि एका स्वयंपाकघरात एकमेकींची वाट टाळून वावरत. गाडीबद्दल आई एक शब्दही काढत नसे. आत्याच्या काळ्या हातांसाठी मोरीत एक वेगळी साबणदाणी मात्र तिने ठेवली होती. ती सोयीची होती की सोवळ्याची, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही.

खंडेनवमीच्या दुपारी मी केबिन रोडवर झेंडू आणायला गेले होते. आत्या, प्लास्टर नुकतंच निघालेला पाय उशीवर ठेवून, झोपली होती. आई देवाची उपकरणी घासून उठली. ताम्हन, पळी, समया, निरांजनं उन्हात उपडी घातली, आणि वाडग्यात उरलेली चिंच आणि मीठ घेऊन ती जिना उतरली. हे मी पाहिलं नाही, तरी आज मला ते पाहिल्यासारखं दिसतं: पदर खोचलेला, ताडपत्रीची गाठ सोडलेली, आणि आई त्या गाडीपुढे पहिल्यांदाच उकिडवी बसलेली. तिला वस्तू चकचकीत करण्याची एकच रीत ठाऊक होती, आणि ती तिच्या लेखी सर्वांत मोलाची होती. तिने हेडलाइटची कडा समईसारखी घासली. मडगार्डं ताम्हनासारखी. वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या, ओल्या गाडीवर ताडपत्री ओढली आणि गाठ मारून वर आली. संध्याकाळी तिच्या हातांना चिंचेचा आंबूस वास येत होता. त्या दिवशी तो यायचाच होता. कोणाच्या मनात काही आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कंपाउंडमध्ये गाड्या ओळीने लावल्या होत्या. बॉनेटवर हार, हँडलांना आंब्याची डहाळी, उदबत्त्यांचा धूर. सावंतकाका पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होते. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून लंगडत आली. आई पूजेचं तबक घेऊन आमच्या मागे. मी ताडपत्री ओढली.

गाडीच्या अंगावर देवी उठल्या होत्या. मडगार्डांवर, हँडलवर, सायलेन्सरच्या बाकावर, जिथे जिथे क्रोमला सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं तिथे तिथे एका रात्रीत तांबडा ठिपका उमटला होता, आणि ठिपक्यांतून ओघळ आले होते. कोणीतरी "अगंबाई" म्हणालं. सावंतकाका हळूच म्हणाले, "ताई, आता तरी..."

आत्याने मडगार्डावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग वळून आईकडे पाहिलं.

"वहिनी, चिंच?"

आईने निरांजनाला हाताचा आडोसा केला. "मीठ पण," ती म्हणाली. "देवाची भांडी घासते तशीच घासली हो, वन्सं. तुमचा पाय असा... म्हटलं, निदान दिसायला तरी..."

सगळं कंपाउंड आत्याच्या रागाची वाट पाहत होतं. मीही पाहत होते. आत्या खाली बघत उभी होती. तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. सायलेन्सरला हात टेकवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "खाडीच्या वाऱ्याला इतकी वर्षं जमलं नाही ते तुम्ही एका दुपारी केलंत! आणि इतक्या वर्षांत या गाडीला देवघरात कोणी घेतलं? तुम्हीच." मग तिने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "सावंत, ठरलंय काय? गाडी चालू झाली पाहिजे. डाग नसले पाहिजेत असं कुठे ठरलंय?"

"नाही, पण तुमचा पाय..."

"किक ही मारेल," आत्या म्हणाली, आणि बोट माझ्याकडे केलं.

त्या क्षणी इमारतीतल्या सगळ्या खिडक्या माझ्याकडे बघत आहेत असं मला वाटलं, आणि बहुतेक बघतही होत्या. आत्या सीटवर बसली. मी बाजूला उभी राहून किकवर पाय ठेवला. पहिल्यांदा ती निसटली. नंतर उलटी आली आणि पोटरीवर बसली. मागे कोणीतरी खुदकन हसलं. सावंतकाका म्हणाले, "राहू दे गं बेटा, लागेल."

"अर्धी मारते आहेस," आत्या पुढे बघूनच म्हणाली. "हळू दाब, दाब लागला की मग सगळं अंग टाक. अंग टाकायला लाजू नकोस."

मला अजून आठवतं, मी डोळे मिटले नव्हते. मी समोर, सरळ सावंतकाकांच्या पेढ्यांच्या डब्याकडे पाहिलं, आणि जन्मात साठवलेलं सगळं वजन त्या पायावर टाकलं. गाडी खोकली, धूर ओकली, आणि लागली. तिचा तो भारदस्त ठोका भिंतींवर आदळून परत आला. झेंडूच्या माळा थरथरल्या. जयाबेन ओरडल्या, "शाब्बास, छोकरी!"

आत्या म्हणाली, "वहिनी, बसा मागे."

"या साडीत?"

"याच साडीत. तबक तिच्याकडे द्या."

आणि आई बसली. लग्नातला जरीचा शालू सावरत, एका बाजूला पाय सोडून, आत्याच्या खांद्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून. दोघी फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा मी तबक घेऊन उभी होते आणि निरांजन अजून तेवत होतं. बराच वेळ त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा आईचे केस विस्कटले होते, मांडीवर श्रीखंडाचा डबा होता आणि मुठीत आपट्याची पानं. ती उतरली ती थेट सावंतकाकांपुढे गेली. आयुष्यात परपुरुषाशी दोन वाक्यांपलीकडे न बोललेली माझी आई. तिने त्यांच्या हातावर पान ठेवलं.

"सोनं घ्या, भाऊजी. आणि आमची गाडी उद्यापासून छपराखाली, खांबाजवळ उभी राहील."

सावंतकाकांनी पान कपाळाला लावलं. संध्याकाळी त्यांनी स्वतः खांबाजवळची कुंडी उचलून बाजूला ठेवली.

त्या दिवसानंतर दोघींमधलं "तुम्ही" कधी गळून पडलं, ते मला सांगता येणार नाही. रविवारी खाली तिसरी बादली येऊ लागली, एवढं आठवतं. आईच्या हाती फॉइल आली; चिंच तिला कायमची बंद. ठिपक्यांवरचा गंज घासून गेला, पण क्रोम जिथे खाल्लं गेलं होतं तिथे बारीक, काळसर खळगे राहिले. ते पुन्हा चढवून घ्यावं असं बाबा म्हणाले तर आत्याने त्यांना उडवून लावलं. घासताना ती त्या जागेशी येई, फडक्याचं टोक जरा हलकं करी आणि म्हणे, "ही वहिनीची चिंच." पुढे पुढे हे आमच्या घरातलं मोजमापच झालं. चिंचेच्या जरा वर घास. चिंचेपर्यंत आलीस का? मग ती मिठागरं एकेक करून भरावाखाली गेली, कोळीण बाजारात दिसेनाशी झाली, आत्या गेली आणि चाकाची तिची बाजू रिकामी झाली. बाबा गेले. गाडी बंद पडून पुन्हा त्या भिंतीशी, ताडपत्रीखाली उभी राहिली. मेणाचा तो वास मात्र कधीकधी, काही कारण नसताना, माझ्या नखांना येई.

आज केबिन रोडवरून बोलावलेला मेकॅनिक प्लग बदलून, कार्बोरेटर साफ करून उभा राहिला आणि मडगार्डावर वाकला.

"मॅडम, ये सब दाने-दाने हो गए हैं. नया क्रोम चढा देता हूँ. एकदम शोरूम."

"नको," मी म्हटलं. "तसंच राहू दे."

"अरे, पर ये दाग..."

"वो दाग मेरा है," खुर्चीतून आई म्हणाली. तिच्या आवाजात अजिबात पश्चात्ताप नव्हता.

त्याने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो हात पुसायला लागला.

मी चाकं केली. बनियनची पट्टी तारेला गुंडाळून एकटीनेच दोन्ही टोकं ओढली. जमतं, वेळ लागतो. मडगार्डं केली, चिंचेशी फडकं हलकं केलं. सायलेन्सर, हँडल, हेडलाइटची कडा. खुर्चीत बसल्या बसल्या आईने फॉइलचा बोळा मागून घेतला आणि हात पोचेल तिथवर, म्हणजे किकच्या दांड्यापर्यंत, घासून काढलं. ऊन वर आलं तसं क्रोम जागं झालं, आणि त्यात रिकामी इमारत उलटी, वाकडी, पण सबंध दिसू लागली. मग मी टाकीकडे वळले.

तेवढ्यात बिल्डरचा सुपरवायझर आला. तरुण, पिवळं हेल्मेट, हातात यादी.

"मॅडम, ही कुठे नेताय? या गाडीवर फुली होती ना?"

मी कापड टाकीवरून एकदा, पूर्ण फिरवलं. घसा साफ करावा लागला नाही.

"होती," मी म्हटलं.

मागच्या मडगार्डावर, चिंच सर्वांत दाट आहे त्याच्या शेजारी, मी नवशिक्यांचं लाल 'एल' अक्षर चिकटवलं. या वयात ते लावताना ज्यांना हसायचं होतं त्यांनी लायसन्सच्या रांगेत हसून घेतलं आहे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या नव्या जागेपर्यंत आई रिक्षाने येईल. रिक्षावाल्याला तिने आधीच बजावलं आहे की माझ्या मागे राहायचं, हॉर्न वाजवायचा नाही. मी किकवर पाय ठेवला. हळू दाबली. दाब लागला. मग सगळं अंग टाकलं.

आवाज रिकाम्या इमारतीत वरपर्यंत गेला आणि प्रत्येक उघड्या खिडकीतून परत आला. फाटकाबाहेर वळले तसा खाडीचा वारा तोंडावर आला, पूर्वीसारखाच, ओठांवर मीठ ठेवत. येऊ दे. पुढच्या रविवारी घासायला मी आहे.